मागं जाणारी सायकल

आमच्या घरी कोण आलं हे कळायला दारापर्यंत जावं लागत नसे. सिंदीत तेव्हा सगळं गाव सायकलवर होतं आणि प्रत्येक सायकलचा आपला एक आवाज होता. बाबांच्या सायकलचा मागचा मडगार्ड सैल होता. तो शाळेच्या वळणापासूनच खडखडत यायचा आणि तो ऐकू आला की आई चहाचं आधण ठेवायची. दूधवाल्याच्या कॅनची कडी वाजायची. माझ्या लेडीज सायकलचं फ्रीव्हील, पाय थांबवले की टिकटिक करत राहायचं. दादाचं मात्र काही म्हणजे काही ऐकू यायचं नाही. तो एकदम स्वयंपाकघराच्या दारात उभा असायचा आणि भाकरी थापत बसलेली आई दचकायची. "अरे, घंटी तरी वाजवत जा! मांजरावानी येते पोट्टं," असं ती रोज म्हणायची आणि दादा रोज हसायचा. त्याच्या सायकलला घंटी नव्हतीच. ब्रेकही नव्हते, मडगार्ड नव्हता, स्टँड नव्हता. होता तो फक्त मागच्या चाकात बसवलेला एक जड, काळपट हब, आणि त्या हबापायी आमच्या घरात जे काही झालं ते लिहायला मी आज बसले आहे.

हब म्हणजे चाकाच्या मधोमध असतो तो लोखंडी तुकडा, ज्यातून आरे निघतात. साध्या सायकलला मागं ढकललं की साखळीबरोबर पायडलही उलटे फिरतात. कुणीही करून पाहावं. दादाची सायकल मागं गेली तरी तिचे पायडल जागच्या जागी थांबायचे. त्यामुळं पायडलवर नुसतं उभं राहून, पाय न हलवता, त्याला उलटं जाता यायचं. दहा हात, वीस हात, कधी अख्खं पटांगण. सायकल मागं चालली आहे आणि तिच्यावरचा माणूस पुतळ्यासारखा उभा आहे, हे दृश्य पहिल्यांदा पाहणाऱ्याला खोटंच वाटायचं.

आमचं घर जिनिंगच्या भिंतीला लागून होतं. दिवाळीपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत तिथं कापसाच्या गाड्यांची रांग लागायची, यंत्रं धडधडायची आणि रुईचा बारीक भुरका सगळीकडे पसरायचा. तुळशीवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर, कधी वरणातसुद्धा. आई वरणावरचा भुरका चमच्यानं अलगद उचलायची आणि वरण ताटात वाढायची. हंगाम संपला की मात्र ते अख्खं आवार रिकामं व्हायचं. गठाणी गेलेल्या, यंत्रं झाकलेली, आणि मधे ते सिमेंटचं भलंमोठं पटांगण, वर्षानुवर्षं कापूस लोळून लोळून गुळगुळीत झालेलं. चौकीदार दुबेजी फाटकापाशी खाटेवर पडून रेडिओ ऐकत असत. दादाला आणि मला ते अडवत नसत. "पट्टी-वट्टी साथ में रखा करो," एवढंच म्हणत. त्या पटांगणावर माझा दादा मोठा झाला असं मी म्हणते. बाबांच्या मते तिथंच तो वाया गेला.

बाबा मराठीचे मास्तर. घरात ते आमच्यासारखंच बोलायचे, "मले पाणी दे वो", "कुठं गेलती वो ज्योते" असं. पण रागावले की एकदम पुस्तकातलं बोलायला लागायचे. आवाज चढायचा नाही, भाषा चढायची. "सुनील, ही सायकल बाजूला ठेवून अभ्यासास बसावे," असं वाक्य आलं की समजायचं, आज जेवताना कुणी तोंड उघडायचं नाही. आई त्यांच्या पाठीमागं मला डोळ्यांनी खुणावायची आणि ताटात गोळाभातावर तेलाची धार जरा जास्त सोडायची. तिच्याकडं राग शांत करायचा तेवढाच एक उपाय होता.

हब आला तो आईच्या आजारपणातून. पित्ताशयाच्या खड्यांचं ऑपरेशन करायला तिला सेवाग्रामच्या दवाखान्यात ठेवलं होतं. दादा तेव्हा वर्ध्याला आयटीआयमध्ये फिटरचा कोर्स करत होता आणि मी दहावीची परीक्षा देऊन मोकळी झाले होते. सकाळच्या पॅसेंजरनं आम्ही डबा घेऊन निघायचो, मऊ खिचडी आणि तिच्यासाठी बिनतिखटाची भाजी, आणि वर्ध्याहून ऑटोनं सेवाग्राम. दुपारी आई झोपली की आम्ही बाहेर कडुनिंबाखाली बसायचो. तिथंच एका दुपारी आम्हाला मार्टिन दिसला. युरोपातून काही महिन्यांसाठी शिकायला आलेला, उंच, उन्हानं लालबुंद झालेला मुलगा. होस्टेलसमोरच्या फरशीवर तो लहान मुलांच्या उंचीची सायकल घेऊन एकटाच उलटा जात होता. दादा उठून उभा राहिला. पोळी खाता खाता उठला होता, हातातली पोळी तशीच राहिली. त्याच्याकडं नागपूरच्या काकांनी पोरासाठी घेतलेली आणि पोरानं टाकून दिलेली तसलीच छोटी सायकल होती. पण तिच्यावर तो फार तर पुढचं चाक उचलायचा. सायकल अशी चालू शकते हे त्याला ठाऊकच नव्हतं.

मग आईला घरी आणलं तरी दादाचं सेवाग्राम सुटलं नाही. आयटीआय सुटली की तो तिकडं जायचा आणि संध्याकाळच्या गाडीनं कोपरे सोलून परत यायचा. रविवारी कधी मलाही न्यायचा, कारण मार्टिनला मराठी येत नव्हतं, दादाला इंग्रजी येत नव्हतं आणि माझं दहावीचं इंग्रजी दोघांच्या मधे उभं राहायचं. खरं तर माझी गरज फारशी नसायची. मार्टिन दादाचे खांदे धरून वळवायचा, दादा पडायचा, दोघं हसायचे. मी शेंगदाणे सोलत बसायचे.

पावसाळा सरत आला आणि मार्टिनची जायची वेळ आली. त्याच्याकडं मागची चाकं दोन होती. एक सायकलला लावलेलं, त्यातला हब चकचकीत, हलका, नवा. दुसरं जुनं. त्यातला हब मुळात ब्रेकचा होता, उलटं पायडल मारलं की ब्रेक लागतो तसला. मार्टिननं तो स्वतः उघडून त्यातले ब्रेकचे तुकडे काढून टाकले होते आणि आतली रचना अशी बदलली होती की उलटं पायडल मारताच चाक मोकळं व्हावं. काळा, जड, ओबडधोबड. "दोन्हीतलं एक घेऊन जा," तो म्हणाला. मी दादाच्या कानाशी लागले, "नवीन घे ना रे! विचार काय करून राह्यला?"

दादानं मला म्हटलं, "त्याले सांग, दोन्ही खोलून पाह्यतो."

जुना हब दादानं आपल्याजवळच्या पान्यांनी उघडला. आतला प्रत्येक तुकडा त्यानं हातात घेऊन उन्हात धरला. दट्ट्यासारखा एक शंकू होता, तो आट्यांवरून सरकायचा. पुढं पायडल मारलं की तो हबाच्या भिंतीला जाऊन घट्ट चिकटायचा आणि चाक ओढायचा. थोडं मागं मारलं की सुटायचा, आणि मग चाक आपल्या वाटेनं, पाय आपल्या जागी. त्या शंकूला धरून ठेवायला एक बारीकशी कमान होती, बांगडीसारखी. नव्या हबाची पाळी आली तेव्हा मार्टिननं एक वेगळीच किल्ली काढली. त्या किल्लीशिवाय तो उघडतच नव्हता, आणि किल्ली एकच होती.

"हा बंद पडला तर सिंदीत काय करू, ज्योते?" दादा म्हणाला. "मले जुना पाह्यजे."

मी चिडले. परत येताना गाडीत त्याच्याशी बोलले नाही. ते जड चाक मांडीवर घेऊन तो खिडकीशी बसला होता आणि हातानं फिरवून फिरवून पाहत होता. त्याच्या मनात काय होतं हे मला पुष्कळ उशिरा समजलं. जे आपल्याला उघडता येतं तेच आपलं, असं त्याला वाटायचं. आजही दुकानात एखादी सुंदर वस्तू हातात घेतली की हिचे स्क्रू कुठं आहेत हे माझी बोटं आपोआप शोधतात.

चाक सहजासहजी बसलं नाही. हबाचा आस जाड होता. दादानं फ्रेमच्या मागच्या खाचा कानशीनं घासून रुंद केल्या. दोन्ही बाजू सारख्या घासल्या गेल्या पाहिजेत, नाहीतर चाक तिरपं बसणार, म्हणून एका वेळी थोडंसंच घासायचं आणि लावून पाहायचं. मग साखळीचा ताण. जास्त ताणली तर आतला शंकू मोकळेपणी सुटत नाही, सैल ठेवली तर उलटं जाताना साखळी उतरते. मग आतलं अंतर. शंकू भिंतीला चिकटायच्या आधी किती फिरावा हे आतल्या पातळ चकत्यांवर, वायसरांवर, ठरायचं. अंतर कमी ठेवलं तर पायडल मारताच चाक धरायचं, पण उलटं जाताना पाय जरा हलला की तेव्हाही धरायचं आणि माणूस तोंडावर. अंतर जास्त ठेवलं तर धरायला उशीर. दादाला थोडा उशीर आवडायचा. "पह्यले ऐकून घेते, मंग धरते," तो म्हणायचा.

उघडायचा दिवस रविवार. ओसरीत जुनी वर्तमानपत्रं अंथरायची, आईची मोठी परात मागायची, तिनं नाही म्हणायचं, मग तिनंच आणून द्यायची. "कणकेले रॉकेलचा वास आला तर तुमालेच चारतो ते पोळ्या," असं म्हणत. परातीत रॉकेल, त्यात सगळे तुकडे. धुवायचं काम माझं. छर्रे, म्हणजे बेअरिंगच्या बारीक गोळ्या, तर फक्त मीच बसवायचे, कारण माझी बोटं बारीक होती. ग्रीसच्या कड्यात एकेक छर्रा ठेवत जायचं, दाण्याच्या माळेसारखा, आणि शेवटच्या दोघांच्या मधे थोडी फट राहू द्यायची. ग्रीस पातळ पाहिजे. जिनिंगच्या यंत्राचं घट्ट ग्रीस एकदा भरलं, तर कमान त्या चिकट्यात अडकली आणि शंकू सुटेचना. पुन्हा सगळं धुतलं. पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा हे करायचंच, कारण आसाच्या बाजूनं पाणी आत जायचं आणि छर्ऱ्यांवर तांबूस डाग पडायचे. शेजारच्या खोलीत बाबा उत्तरपत्रिका तपासत असायचे. मधेच त्यांचा आवाज यायचा, "सायकल ही पुढे जाण्यासाठी असते." दादा माझ्याकडं पाहून भुवया उडवायचा आणि पाना फिरवायचा.

उन्हाळ्यात आई कुरड्या घालायची तेव्हा बाजा जिनिंगच्या पटांगणात नेऊन ठेवायची, कारण तिथं ऊन चहूबाजूंनी असायचं. तिच्या बाजांभोवती दादा उलटा फिरत राहायचा आणि कावळे येईनासे व्हायचे. "राखणीले बरं हाय," ती म्हणायची. साडीचा पदर डोक्यावर घेऊन गरम चिकातला घास आम्हाला द्यायची, तीळ आणि जिऱ्याचा. दादा सायकलवरून न उतरता तोंड पुढं करायचा, ती त्याच्या तोंडात घास घालायची आणि तो तसाच मागं मागं जायचा, चावत. या गोष्टीला आता किती वर्षं झाली! माझी पन्नाशी उलटली, कुरड्या मी विकतच्या आणते. पण ते ऊन, तो चीक आणि मागं जाणारा दादा, एवढं मला कुणी परत देईल तर बाकी काही मागणार नाही.

दादाचा कोर्स संपला. त्याला बुटीबोरीकडं कारखान्यात चिकटवावं म्हणून बाबांनी ओळखीच्या माणसाला सांगून ठेवलं होतं. त्याच सुमारास वर्ध्याला एका सायकल कंपनीचा ट्रक आला. मैदानात लाकडी उतार लावून त्यांची मुलं सायकलचे खेळ करायची आणि लोक सायकली पाहायचे. दादा पाहायला गेला आणि आपली सायकल घेऊन गेला. खेळ संपल्यावर त्यानं मैदानातच आपलं उलटं जाणं करून दाखवलं. ट्रकबरोबरच्या साहेबानं त्याला विचारलं, "हमारे साथ चलेगा?" गावोगावी फिरायचं, कंपनीची सायकल, राहणं-जेवणं त्यांचं.

त्या संध्याकाळी दादानं हे घरात सांगितलं तेव्हा आई पाटोड्यांच्या रश्श्याला फोडणी देत होती. तिचा हात थांबला आणि मोहरी करपली. 

"बाबा, दोन वर्षं. मंग येतो ना परत," दादा म्हणाला. "कारखाना कुठं पळून चालला?"

बाबा म्हणाले, "आपला निर्णय झालेला दिसतो. आपण जाऊ शकता."

पोटच्या पोराला 'आपण' म्हणाले. दादाचा चेहरा मला अजून दिसतो. कुणी मारलं असतं तरी तो तसा झाला नसता. तो जेवायला बसला, पाटोड्या खाल्ल्या, आणखी मागितल्या. आईनं वाढल्या. 

जाताना त्यानं आपली सायकल ओसरीत भिंतीला टेकवून ठेवली. मी म्हटलं, "हे नाई नेत?" तर म्हणाला, "तिकडं देतात नवीन. हे तुले राहू दे. पावसाळ्याआधी एकदा खोलजो. ग्रीस पातळ ठेवजो." बाबा त्या सकाळी नेहमीपेक्षा लवकर शाळेत गेले. मी आणि आई स्टेशनवर गेलो. पॅसेंजर हलली तसा तो दारात उभा राहून आमच्याकडं तोंड करून लांब लांब जात राहिला, आणि आई म्हणाली, "आत बस म्हणा त्याले, पडन."

पुढं घर कसं झालं ते सांगायला फार काही नाही. बाबा आणि दादा यांचं बोलणं बंद झालं. शेजारच्या केशवकाकांच्या किराणा दुकानात फोन होता. दादा रविवारी दुपारी तिथं फोन करायचा. कधी रायपूरहून, कधी झाशीहून, कधी नाव न ऐकलेल्या गावाहून. केशवकाकांचा माणूस हाक मारायचा की आई चपला न घालता पळायची. "जेवला काय?" "तब्येत बरी हाय ना?" आणि मग "येतो कधी?" हा शेवटचा प्रश्न ती दर वेळी विचारायची आणि दर वेळी परत येताना म्हणायची, "पाह्यतो म्हणे." बाबा त्या वेळात वर्तमानपत्र वाचत बसायचे. आई घरात आली की पान उलटायचे. फोनवर काय बोलणं झालं हे त्यांनी कधी विचारलं नाही. पण आई भांडी घासताना सगळं मोठ्यानं मला सांगायची, मी तिच्याबरोबर दुकानात असले तरीही.

वर्षभरानं, मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते तेव्हा, उन्हाळ्यातल्या एका दुपारी वर्ध्याहून परत आले. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. ओसरीत वर्तमानपत्र अंथरलेलं, त्यावर परात, आणि परातीसमोर बनियनवर बसलेले बाबा. कोपरापर्यंत काळे हात. दादाची सायकल आडवी, मागचं चाक काढलेलं, हब उघडलेला, आणि त्याचे सगळे तुकडे बाबांच्या भोवती पसरलेले.

मला पाहून ते म्हणाले, "मी केवळ निरीक्षण करीत होतो."

मी दप्तर ठेवलं आणि समोर बसले. त्यांनी काही वेळ शंकू हातात फिरवला. मग खाली मान घालून, त्यांच्या घरच्या बोलीत, मला विचारलं, "ज्योते, हे मागं जाताना पायडल काऊन नाई फिरत वो?"

मी सांगितलं. शंकू आट्यांवर कसा सरकतो, केव्हा चिकटतो, केव्हा सुटतो. पेन्सिलीला दोरा गुंडाळून दाखवलं. ते वर्गातल्या मुलासारखे ऐकत होते, मधे मधे "म्हंजे" म्हणून थांबवत होते, आणि समजलं की जोरानं मान हलवत होते. "म्हंजे जोर लावला तरच धरते. नाई तर सोडून देते." मी म्हटलं, हो. "आणि हे काय?" त्यांच्या तळहातावर कमान होती, दोन तुकडे झालेली. मी घाबरले. पण तुटलेली कड जुनी, काळी पडलेली होती. ती आधीच केव्हातरी तुटून आत पडून होती. कमान नसली तर शंकू नुसता जागीच फिरतो, पायडल कितीही मारा, चाक धरतच नाही.

"मंग आता?"

"आता नाई होत," मी म्हटलं. "अशी कमान इथं नाई मिळत."

बाबा उठले, हात तसेच काळे, आणि आत जाऊन आपलं गजराचं घड्याळ घेऊन आले. चावीचं, जाडजूड, बरेच दिवस बंद पडलेलं. ते त्यांच्या लग्नातलं होतं. "ह्याच्यात असन ना कमान," म्हणाले, आणि मी काही बोलायच्या आत पाठचं झाकण काढलं. गुंडाळलेली कमान सुटून सर्रकन ओसरीभर पसरली. आई आतून धावत आली. घड्याळ पाहिलं, बाबांचे हात पाहिले, परात पाहिली. "अवो, काय करून राह्यले तुमी?" बाबा म्हणाले, "स्टो पेटव." आईनं स्टोव्ह ओसरीत आणला.

पत्र्याच्या कात्रीनं मी पट्टी कापली. टोकं वाकवायला गेलो तर पहिला तुकडा काडकन मोडला. मग आई म्हणाली, "तापवून पाहा ना टोकाले, मंधात नोका तापवू." तसं केलं. टोकं मऊ झाली, मधला भाग ताठ राहिला. पुढची कमान फार घट्ट झाली, शंकूला धरून बसली, सोडेचना. ती कानशीनं अरुंद करत गेलो. बाबा घासायचे, मी लावून पाहायचे, आई वाऱ्यानं वर्तमानपत्र उडू नये म्हणून पाय ठेवून उभी. छर्रे मी बसवले. बाबा चष्मा सावरत अगदी जवळून पाहत होते. "तूच बसवत होती काय हे? दर वेळेस?" मी मान हलवली. "मले वाटे तू नुसती बसून राह्यतं त्याच्याजवळ."

उन्हं उतरली तेव्हा आम्ही सायकल जिनिंगमध्ये नेली. दुबेजी खाटेवरून उठून बसले. "मास्टरजी, आप?" बाबांनी त्यांना नमस्कार केला आणि पायजमा गुडघ्यापर्यंत वर घेतला. मला वाटलं होतं मी चालवीन आणि ते पाहतील. पण ते स्वतःच सायकलवर बसले. एवढीशी सायकल आणि तिच्यावर आमचे बाबा, गुडघे हँडलला लागत होते. मी समोर उभी राहून हँडल धरलं. "पाय हलवू नका," मी म्हटलं, "नुसते ठेवा." आणि हळूच ढकललं.

सायकल मागं चालली. बाबांचे पाय पायडलवर स्थिर होते. ते खाली पाहत होते, मग त्यांनी वर पाहिलं. मी आणखी जोर लावला आणि हात सोडले. ते माझ्याकडं पाहत पाहत लांब जात होते, तोंड थोडं उघडं, आणि ते हसत होते. मी त्यांना तसं हसताना पाहिलेलं नव्हतं. थोडं जाऊन चाक वळलं, पाय टेकला, सायकल कलंडली. दुबेजी धावले. बाबांनी त्यांना हातानंच थांबवलं, सायकल उभी केली, ढकलत माझ्यापर्यंत आणली आणि म्हणाले, "आणखी एकदा."

पटांगणावर भिंतीची सावली पूर्ण पसरेपर्यंत आमचं ते चाललं. शेवटी ते पुढं पायडल मारून आले. थोडा वेळ पाय रिकामा फिरला, मग चाकानं धरलं. आई फाटकाशी येऊन उभी होती. ती हसत होती की रडत होती ते मी पाहिलं नाही, पाहायचं टाळलं.

दादा पुढं त्या ट्रकबरोबर बरीच वर्षं फिरला. मग कंपनीनं ते खेळ बंद केले. त्याचा गुडघा कामातून गेला होता. तो इंदूरला स्थायिक झाला, तिथंच लग्न केलं, आता सायकलच्या सुट्या भागांचं दुकान आहे. येतो, पण पाव्हण्यासारखा. बॅग उघडायच्या आधी परतीचं तिकीट पाहतो. बाबा एका हिवाळ्यात गेले. दादा पोचला तेव्हा सगळं आटोपलं होतं. आई आता माझ्याकडं असते. हे सगळं घडणारच होतं की कुठं वेगळं वळण मिळालं असतं, याचा विचार मी पूर्वी फार करायचे. आता मला फक्त त्या उन्हाळ्यातला पुढचा रविवार आठवतो.

त्या दुपारी केशवकाकांच्या माणसानं हाक मारली आणि आई निघाली, तर बाबांनी वर्तमानपत्राची घडी केली आणि चपला घातल्या. आई दारातच थबकली. आम्ही तिघंही दुकानात गेलो. आईनं रिसीव्हर उचलला, "जेवला काय?" विचारलं, आणि मग तो बाबांच्या हातात दिला.

बाबा रिसीव्हर कानाला धरून उभे राहिले. तिकडून दादाचा "आई? आई?" असा बारीक आवाज बाहेरपर्यंत येत होता.

"मी होय बे," बाबा म्हणाले. "सुन्या, मले एक सांग. मागं जाताना पाहावं कुठं? समोर का मागं?"

 मग आवाज सुरू झाला आणि थांबेचना. शब्द मला कळत नव्हते, नुसती गुणगुण, वेगात, उत्साहात, जशी तो आयटीआयमधून आल्यावर आईपाशी करायचा. बाबा ऐकत होते. "हं. हं. खांद्यावरून... कोणत्या? डाव्या. बरं. आणि हात ताठ ठेवाव का?" दुकानात साखर घ्यायला आलेली एक बाई थांबून पाहू लागली. केशवकाकांनी तराजू खाली ठेवला. बाबांनी मोकळ्या हातानं हवेत हँडल धरलं होतं आणि मान डाव्या खांद्यावरून वळवली होती, भर दुकानात, तेलाच्या डब्यांच्या मधे. आई त्यांची बाही ओढून खुणा करत होती. विचारा, येतो कधी ते विचारा. बाबांनी तिच्याकडं पाहिलं, मान हलवली, आणि पुन्हा ऐकू लागले. मग तिकडून कुणीतरी दादाला हाक मारली असावी. "हो, हो, जा तू. ट्रक निघत असन. जाजो सांभाळून," बाबा म्हणाले आणि फोन ठेवला.

रस्त्यावर येईपर्यंत आई कशीबशी थांबली. "काय म्हणे? कधी येतो म्हणे?"

"नाई विचारलं."

"अवो, काऊन नाई विचारलं? इतकं बोलले ना!"

बाबा चालता चालता थांबले. उन्हानं डोळे बारीक केले होते, रिसीव्हर धरला होता तो हात अजून अर्धवट वरच होता.

"सांगून राह्यला होता ना तो," ते म्हणाले. "मधात कसं तोडू त्याले?"